एकोडीचा संघ आणि माझा आवाज

२६ ऑक्टोबर, रविवार

आज आमच्या गावची मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची जत्रा, झाली आणि घरच्या मैदानावर, सगळ्या पाहुण्यारावळ्यांसमोर, आमचा बायकांचा कबड्डी संघ हरला. ही डायरी श्रावणने, माझ्या मुलाने, जूनमध्ये मी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालो तेव्हा आणून दिली होती. इतके दिवस कोरीच होती. आज लिहायला बसलो, कारण डोकं तापलंय आणि कौशल्या माझं ऐकून घ्यायला तयार नाही. चाळीस पाव्हण्यांचा स्वयंपाक केलेली बायको नवऱ्याची कबड्डी कशी ऐकेल, हेही खरंच.

संघातली चढाई करणारी मुख्य खेळाडू म्हणजे रीना, माझी सून. लग्नाआधी कॉलेजच्या संघात होती. श्रावण साकोलीला पंपांच्या दुकानात कामाला असतो, संध्याकाळी घरी येतो. रीना घरात एवढी शांत की आहे की नाही हे कळू नये. माझ्यासमोर डोक्यावरचा पदर ढळत नाही. काही हवं असेल तर सासूमार्फत सांगते. ‘मामाजी, जेवून घ्या’ याच्यापुढे आमचं बोलणं गेलेलं नाही. पण मैदानात उतरली की ती ही नव्हेच. डोळे वेगळे, चाल वेगळी. म्हणून तर गावात बायकांचा संघ काढायचं ठरलं तेव्हा तिच्या खेळण्याच्या बाजूने सगळ्यात आधी मी बोललो.

आता माझ्या आवाजाबद्दल. बाजाराच्या दिवशी गच्च भरलेल्या गाडीत मागच्या दाराशी उभा राहून मी बोललो की ड्रायव्हरला घंटी लागायची नाही. आज तो सगळा आवाज मी संघासाठी खर्च केला. रीनाच्या प्रत्येक चढाईला रेषेजवळ उभा राहून सांगत होतो, डावा कोपरा मोकळा आहे तिकडं जा, ती मधली दमली आहे तिला गाठ. पोरगी आज्ञाधारक. मी डावीकडं म्हटलं की डावीकडंच जायची. पण त्या संघाची कोपऱ्यातली मुलगी फार हुशार निघाली. मी सांगायचा अवकाश, ती आधीच तयार. इतक्या वर्षांत कबड्डी पुष्कळ पाहिली, पण मनातलं ओळखणारी खेळाडू आज पहिल्यांदा पाहिली.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

परसरामदादा येऊन बसला होता. माझा थोरला भाऊ. घरं शेजारी, अंगण एकच, आणि घराण्यात शेवटचा शब्द त्याचा. सून ट्रॅकपँट घालून गावोगाव खेळायला जाते हे त्याला पहिल्यापासून खटकतं. आज स्पष्टच बोलला.

“चंदू, हारासाठी कायले पाठवतं सुनेले? जितून आली असती तं गोष्ट येगळी होती.”

मला काहीही बोलावं, मी ऐकून घेतो. संघाला बोललेलं मात्र सहन होत नाही. तावातावात बोलून गेलो की या हंगामात एक तरी कप गावात येईल, नाहीतर पुढच्या वर्षीपासून रीनाचं खेळणं मी स्वतःच बंद करतो. दादाने लगेच अंगणापलीकडून पार्वतावहिनीला हाक मारली आणि साक्षीला उभं केलं.

आत रीना भांडी घासत होती. भांड्यांचा आवाज थांबला आणि बराच वेळ सुरू झाला नाही. खेळ तिचा, पैज माझी, आणि मी तिला विचारलंसुद्धा नाही. आता वाईट वाटतंय. पण शब्द तोंडातून गेला, आता संघ जिंकणं हाच उपाय. म्हणजे मला आणखी जोर लावला पाहिजे.

९ नोव्हेंबर, रविवार

शेजारच्या गावची मंडई. पुन्हा हरलो. धान कापणी जोरात असल्यामुळे निम्म्या जणी सकाळी शेतातल्या बांधीत वाकून दुपारी मैदानात आल्या होत्या. ते एक कारण झालं. दुसरं, मैदानाचा उतार. तिसरं, त्यांचाही कोपरा फार हुशार. यंदा सगळ्या गावांना एकदम हुशार कोपरे कुठून मिळाले कोण जाणे. रीनाला मी शेवटी ओरडून सांगितलं, बोनस घे, बोनस. तिने बोनसच्या रेषेपलीकडे पाय टाकला आणि चौघींनी तो पाय असा धरला की जशा त्याची वाटच पाहत होत्या.

परत येताना जीपमध्ये मी सगळ्यांना धीर दिला. चुका समजावून सांगितल्या. घर येईपर्यंत सांगत होतो.

१६ नोव्हेंबर, रविवार

चिखल्याला गेलो होतो. खाणीच्या वसाहतीचं मैदान, माती काळपट, कपडे आता धुतले तरी निघणार नाहीत. तिथल्या बायका म्हणजे काय विचारता, दंड बघूनच आपण दोन पावलं मागे सरावं. आम्ही हरलो, आणि सपाटून हरलो. एकदा तर अख्खा संघ बाद होऊन लोण चढला.

पण माणसं चांगली. सामना संपल्यावर त्यांची कप्तान, निर्मलाबाई नावाची, स्वतः माझ्यासाठी चहा घेऊन आली. हात जोडून म्हणाली, “काका, पुढच्या येळी बी नक्की याजा. तुमी नसले तं मजा नाही.” हरलेल्या संघाच्या माणसाला एवढा मान कोण देतो? त्यांच्या बाकीच्या मुलीही माझ्याकडे बघून हसत होत्या. मनात आलं, आपल्या गावात आपली किंमत नाही, पण खाणीवरच्या लोकांना माणूस ओळखता येतो.

१७ नोव्हेंबर, सोमवार

अर्धा हंगाम संपला. एकही विजय नाही. आज शांतपणे बसून विचार केला.

पकड वाईट नाही. कप्तान उर्वशी कमरेला मिठी मारते तेव्हा समोरची सुटत नाही. दमही आहे, धानाचे भारे वाहणाऱ्या बायका आहेत. खोट आहे ती चढाईत. आणि तिथेच कोडं आहे, कारण सरावात रीना कोणाच्या हाती लागत नाही. कापणी झालेल्या बांधीत रोज संध्याकाळी सराव चालतो. मी तेव्हा तलावावर फिरायला जातो, येताना पाहतो, तर ही सगळ्यांना शिवून हसत परत येत असते. मग सामन्यात काय होतं? सामन्यात तर माझं मार्गदर्शनही असतं. मला वाटतं, गुडघे. जमीन कडक लागली की ती बिचकत असेल.

दुपारी उर्वशी घरी आली. अंगणवाडीत काम करते, बोलायला कोणाला घाबरणारी नाही, पण आज अडखळत होती. म्हणाली, काका, तुमाले एक सांगाचं होतं. मग म्हणाली, तुमचा आवाज बम मोठा हाये. मी म्हटलं, हो, देवाची देणगी आहे. मग ती म्हणाली, आमाले तेवढा सवय नाही. मी म्हटलं, होईल सवय. ती कौशल्याकडे बघायला लागली, कौशल्या छपराकडे. रीना चहा ठेवून पटकन आत गेली. मला कळलं की संघाला पैशाची अडचण आहे आणि बिचारीला मागायला लाज वाटते आहे. मी लगेच सांगितलं, सगळ्यांना गुडघ्याच्या पट्ट्या माझ्याकडून. उर्वशीने कपाळाला हात लावला. आभार मानायची पद्धत असेल.

२६ नोव्हेंबर, बुधवार

घसा गेला. पूर्ण गेला. आमच्या धानाची मळणी होती. मशीनच्या घरघरीवर आवाज चढवून माणसांना सांगत राहिलो, वरून कोंडा नाकातोंडात. संध्याकाळी तोंड उघडलं तर नुसती हवा. डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि बोलू नका म्हणाला.

रविवारी सामना आहे आणि माझी ही अवस्था. संघाला कळवलं तेव्हा उर्वशीने मला दोनदा विचारलं की अजिबात आवाज निघत नाही का. मी मान हलवली. फार काळजी करते पोरगी. डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं.

३० नोव्हेंबर, रविवार

जिंकलो! पहिला विजय.

मी रेषेजवळ उपरण्याने गळा गुंडाळून मुकाट बसलो होतो. रीना गेली आणि शिवून आली, गेली आणि शिवून आली. एकदा डावीकडे बघत बघत उजवीकडच्या दोघींना असं फसवलं की मी उभा राहिलो आणि ओरडलो, पण निघाली हवा. समोरचा कोपरा आज अगदीच साधारण होता. कारण उघड आहे, गुडघ्याच्या पट्ट्या. सगळ्या नव्या कोऱ्या पट्ट्या बांधून उतरल्या होत्या. शिवाय इतके दिवस मी सांगत आलो ते डोक्यात मुरायला थोडा वेळ लागणारच.

येताना जीपमध्ये गाणी. साकोलीला उतरून सगळ्यांना समोसे खाऊ घातले. रीनाला हसताना मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. तोंडात समोसा, सामन्यानंतर नेसलेल्या साडीचा पदर खांद्यावर आलेला, आणि कोणाच्या तरी पाठीवर धपाटा मारते आहे. मला बघितल्याबरोबर पदर डोक्यावर. घरात ही अशी का हसत नाही, असं मनात आलं.

५ डिसेंबर, शुक्रवार

घसा तसाच. डॉक्टरच्या गोळ्यांची पुडी सापडत नाही. कौशल्या म्हणते उंदराने नेली.

आणि या आठवड्यात माझे लाड फार होत आहेत. कौशल्याने तीन दिवस सलग आंबट कढी केली. घसा बसलाय, आंबट नको, असं खुणेने सांगितलं तर म्हणाली, दही नासून राहिलं, फेकाचं का? रीना रोज ताटात आवळ्याचं लोणचं वाढते, मागितलं नसताना. उर्वशीने तर आज भर थंडीत कुल्फी पाठवली. पट्ट्या दिल्याची परतफेड करते आहे. प्रेमाने दिलेलं नाही कसं म्हणायचं, खाल्ली.

१४ डिसेंबर, रविवार

पुन्हा जिंकलो. पट्ट्यांचा हा परिणाम असेल तर त्या बनवणाऱ्याचे पाय धरले पाहिजेत. रीनाची आता तालुक्यात चर्चा आहे. एका गावचे पाटील मला विचारत होते, ही कोणाची मुलगी? मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, माझी. मग आठवलं आणि म्हटलं, माझी सून.

कप मात्र अजून नाही. या सामन्यांना नुसती रोख बक्षिसं होती. कपाचे सामने दोनच उरले, पुढच्या रविवारचा एक आणि २६ जानेवारीला कारध्याचा.

१८ डिसेंबर, गुरुवार

परसरामदादाचं मन ओळखायला मी चुकलो. त्याला संघाचं काही पडलेलं नाही असं मी समजत होतो. आज स्वतः भंडाऱ्याहून ज्येष्ठमध घेऊन आला. पार्वतावहिनीकडून काढा करवून घेतला आणि समोर बसून मला पाजला. सकाळ-संध्याकाळ घे म्हणाला. “रविवारच्या आधी तुहा आवाज खुलला पायजे, चंदू. तुह्याबिगर संघाले कोन सांगन?” भावाची माया ती भावाचीच. पैज त्याच्याविरुद्ध लागलेली असताना माणूस असं वागतो.

२० डिसेंबर, शनिवार

आवाज परत आला! सकाळी अंगणात उभा राहून कौशल्याला हाक मारली ती थेट तलावापर्यंत गेली असेल. काठच्या पाळीवरचे बगळे उडाले.

घरातल्या दोघी आनंदाने अवाक् झाल्या. कौशल्या मटकन बसलीच. रीनाच्या हातातली वाटी पडली. दादा मात्र पलीकडून मोठ्याने हसला.

२१ डिसेंबर, रविवार

हरलो. चारच संघ, त्यामुळे थेट उपांत्य सामन्यात. पट्ट्या तर होत्या. मी सकाळपासून एक क्षण गप्प बसलो नव्हतो. काही कळत नाही.

रीना परत आली ती न जेवता झोपली. कौशल्या म्हणाली, डोकं दुखतं. मला माहीत आहे डोकं दुखत नाही. आता एक कारधा उरलं. तिथे नाही जमलं तर मीच तिला सांगणार आहे की बाई, तुझा खेळ संपला. त्या दिवशी तोंड आवरलं असतं तर काय बिघडलं असतं? मला खरंच भीती वाटते आहे.

११ जानेवारी, रविवार

आज दुपारी पडवीत आडवा झालो होतो. आत सासू-सून बोलत होत्या, मी झोपलोय असं समजून.

रीना म्हणाली, “आई, तुमीच सांगा ना मामाजीले.”

कौशल्या म्हणाली, “मी जलमभर सांगून थकली. माह्यं त्यायले आयकूच येत नाही. तूच सांग.”

“मी कशी सांगू जी? त्यायच्यामुळंच तं मी खेळून राहिली.”

बहुतेक कपडे धुण्याच्या मशीनबद्दल असावं. श्रावण एकदा म्हणाला होता. पण शेवटचं वाक्य मशीनला लागू पडत नाही. बराच वेळ तेच घोळत राहिलं. माझ्यामुळे ती खेळते, असं तिला वाटतं. आणि मी काय केलं, तर तिचा खेळ पैजेला लावून बसलो.

संध्याकाळी सरावाला न कळवता गेलो आणि बांधावर बसलो. काही बोललो नाही. बोलण्यासारखं काही नव्हतंच, इतकी सुंदर खेळत होती.

२६ जानेवारी, सोमवार

घरी पोचलो. सगळे झोपले आहेत. झोप येणं शक्य नाही म्हणून लिहितो.

कारध्याला पुलाच्या अलीकडे वैनगंगेच्या काठावर मैदान, झेंडावंदन आटोपून लोटलेली गर्दी. परसरामदादा या वेळी मुद्दाम आमच्या जीपमध्ये बसून आला. खिशात ज्येष्ठमध. वाटेत दर थोड्या वेळाने काडी काढून मला चघळायला देत होता. श्रावणनेही दुकानातून सुट्टी घेतली होती.

पहिले सामने आम्ही जिंकलो. माझं बोलणं त्यात फारसं पोचलं नाही, कारण माझ्या शेजारीच आयोजकांनी भोंगा लावला होता, देशभक्तीपर गाणी जोरात. अंतिम सामन्याला गाणी बंद केली. समोर कोण, तर चिखला. निर्मलाबाईंनी मला पाहून लांबूनच नमस्कार केला.

मी सगळं बळ लावलं. पहिल्या डावात आम्ही बरेच मागे पडलो. दुसऱ्या डावात उर्वशीने पकडी करून करून अंतर खाली आणलं. घड्याळ संपत आलं तेव्हा चिखला एका गुणाने पुढे आणि शेवटची चढाई आमची. रीना मध्यरेषेपाशी आली.

दादाने कोपराने ढोसलं. “सांग ना तिले, चंदू. काहून थांबला?”

मी उठलो. हातांचा भोंगा केला. एक गोष्ट तेव्हा दिसली, ती विचित्र होती. समोरच्या सातही जणी चढाई करणाऱ्या रीनाकडे बघत नव्हत्या. सातही जणी माझ्याकडे बघत होत्या. आणि रीनाही वळून माझ्याकडेच बघत होती.

डोक्यावर पदर नव्हता, केस घामाने कपाळाला चिकटलेले, छाती वरखाली होते आहे. साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, “बाबा, आता चूप बसा. मले खेळू द्या.”

सुनेने सासऱ्याला, भर गर्दीत. श्रावण कुठे बघावं ते न कळून जमिनीकडे बघत होता. दादा ताडकन उभा राहिला. त्याच्या तोंडून शब्द निघाले, “पाहालं? याच्यासाठीच मी म्हनत होतो. सासऱ्याले चूप बस म्हनते.”

आणि मी, ज्याने आयुष्यात थोरल्या भावाला उलटून उत्तर दिलं नाही, मी म्हणालो, “दादा, तुमीबी चूप बसा. पोरगी खेळून राहिली.”

मी खाली बसलो. तोंडावर उपरणं धरलं.

पंचाची शिट्टी झाली, रीना आत गेली. चिखल्याच्या कोपऱ्यातली ती मुलगी अजून माझ्याकडेच बघत होती, आता हा बोलेल, मग बोलेल. निर्मलाबाई तिच्यावर ओरडल्या, पण तोवर रीनाचा हात तिच्या खांद्याला लागून गेला होता. शेजारची धरायला झेपावली, रीना तिला पायाने शिवली आणि अंग लांबवून मध्यरेषेवर पडली. दोन गुण.

मी ओरडलो की नाही ते आठवत नाही. श्रावण म्हणतो, बाबा, तुम्ही ओरडला नाहीत, तुम्ही रडत होता.

येताना कप उर्वशीच्या मांडीवर. सगळ्या गाणी म्हणत होत्या, रीना सोडून. ती जीपच्या कोपऱ्यात पदर पुढे ओढून बसली होती. मी बोलत नव्हतो म्हणून सगळ्यांना वाटलं मी रागावलो आहे. खरं म्हणजे मला बोलताच येत नव्हतं. दादा ड्रायव्हरशेजारी बसून पुढे बघत राहिला. एकोडीच्या फाट्याशी आल्यावर मागे न वळता बोलला, “पुढच्या वर्साले सामने कवापासून रायते?” उर्वशी म्हणाली, मंडईपासून, मोठे बाबा. तो म्हणाला, हो, पैज ती पैज, कप आला, खेळू द्या तिला.

घरी आल्यावर कौशल्याला विचारलं, त्या सातही जणी माझ्याकडे का बघत होत्या? आधी ती पोट धरून हसली. मग पाणी प्याली. मग सगळं सांगितलं, मंडईपासून, कढी, कुल्फी, उंदीर, ज्येष्ठमध, सगळं. ती जे म्हणाली ते मी इथे लिहिणार नाही. डायरी असली म्हणून सगळंच लिहायला पाहिजे असं नाही.

२७ जानेवारी, मंगळवार

सकाळी पडवीत पेपर घेऊन बसलो होतो. गल्लीतली माणसं येऊन कप बघून जात होती आणि मला चोरून बघत होती. सुनेने अपमान केलेला माणूस कसा दिसतो, ते बघायचं असेल.

दोन वर्षं ही मुलगी माझ्या घरात वावरते आहे. माझा आवाज तिला त्रास देत होता, तिचा खेळ बुडवत होता, आणि ती वाटी भरून लोणचं वाढत राहिली, पण तोंडाने बोलली नाही. एवढं मोठं अंतर घरातल्या घरात ठेवलं कोणी? तिनं एकटीने नाही ठेवलं. आम्हाला मुलगी नाही. बापाला चूप बसा म्हणणारं कोणी या घरात नव्हतंच, कौशल्या म्हणत असेल तर तिचं मी ऐकत नाही. काल भर मैदानात कोणीतरी म्हणालं आणि मी ऐकलं. लोकांना वाटतं माझं नाक कापलं गेलं. मला काल जे वाटलं ते मी कोणाला समजावून सांगू शकणार नाही. छातीत काहीतरी मोकळं झालं, एवढंच.

रीना चहा घेऊन आली. डोक्यावर पदर, नजर खाली. म्हणाली, “मामाजी, चहा.”

मी पेपरमधून डोकं वर काढलं नाही.

ती म्हणाली, “मामाजी, काल माह्यं चुकलं.”

मी पान उलटलं. आत कौशल्या कान देऊन उभी होती, ते मला दिसत होतं. रीना कप हातात धरून तशीच उभी राहिली. मग हळूच, कुजबुजल्यासारखं म्हणाली, “बाबा, चहा थंडा होऊन राहिला.”

मी पेपर खाली ठेवला आणि कप घेतला. एक घोट प्यालो. साखर कमी होती, तसं म्हटलं.

“डॉक्टरनं कमी सांगतली हाये,” ती म्हणाली. “तेवढीच भेटन.”